अॅझो लिगँडचे धातू-कॉम्प्लेक्स आणि कॅन्सर: आधी रेणू कोणता, मग परिणाम किती

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात आहे. ४-नायट्रोअॅनिलीनचं डायझोटायझेशन करून ते ८-हायड्रॉक्सीक्विनोलीनशी कपल केलं आणि त्या लिगँडचे तांबं, निकेल, कोबाल्ट, जस्त यांचे कॉम्प्लेक्स केले. आयआरमध्ये अॅझोचा बँड १४४२ वरून १४२८ वर सरकला आहे. त्यावरून अॅझो नायट्रोजन धातूला जोडला गेला असं लिहू का? एमसीएफ-७ पेशींवर ७२ तासांच्या एमटीटीमध्ये लिगँडचं आयसी५० १८ मायक्रोमोलर आलं, कॉपर कॉम्प्लेक्सचं ८, बाकी तिन्हींचं ५० च्या वर. कॉपर कॉम्प्लेक्स प्रभावी कॅन्सरविरोधी संयुग आहे असं म्हणता येईल का? पुढे काय करू?"

आधी नव्या वाचकासाठी चार शब्द: लिगँड म्हणजे धातूला धरणारा रेणू, कॉम्प्लेक्स म्हणजे त्या दोघांची जोडणी, अॅझो म्हणजे दुहेरी बंधाने जोडलेले दोन नायट्रोजन, आयआर म्हणजे अवरक्त वर्णपट, एमसीएफ-७ ही स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींची लाइन, एमटीटी ही जिवंत पेशी रंगाने मोजण्याची चाचणी आणि आयसी५० म्हणजे परिणाम निम्म्यावर आणणारी मात्रा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे. दुसऱ्याचंही सध्या तरी नाही. पण निराश होऊ नका. तुमच्या आकड्यांमध्ये एक चांगला प्रश्न दडलेला आहे आणि तो बाहेर काढला तर प्रबंध पक्का होईल. मी या विषयात वीसहून जास्त वर्षं काम करते आहे आणि हे सगळे खड्डे पायाखालून गेलेले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तो ८ आणि १८ चा हिशेब मांडू, कारण सगळं त्यावर उभं आहे. तुमच्या लिगँडचा रेणुभार २९४.२७. तांब्याच्या एका अणूला दोन लिगँड, प्रत्येकाचा एक प्रोटॉन गेलेला, म्हणजे कॉम्प्लेक्सचा रेणुभार साधारण ६५०. आता ८ मायक्रोमोलर कॉम्प्लेक्स म्हणजे पेशींना दिलेले लिगँड किती? १६ मायक्रोमोलर. आणि नुसत्या लिगँडचं आयसी५० किती? १८. म्हणजे तांब्याने भर घातली असं या दोन आकड्यांवरून अजिबात दिसत नाही. कॉम्प्लेक्स माध्यमात पडल्यावर पूर्ण सुटलं आणि लिगँडनेच पेशी मारल्या, असं कुणी व्हायव्हात विचारलं तर तुमच्याकडे आज उत्तर नाही. एमटीटीमध्ये दहा-वीस टक्के इकडेतिकडे होतंच, त्यामुळे १६ आणि १८ यांत फरक मानता येत नाही.

हाच हिशेब मायक्रोग्रॅममध्ये केला की गोंधळ आणखी वाढतो. १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे तुमचा लिगँड ३४ मायक्रोमोलर होतो, तर कॉम्प्लेक्स १५.४ मायक्रोमोलर. त्या १५.४ मध्ये पुन्हा लिगँड दुप्पट, म्हणजे जवळजवळ ३१. खारघरच्या अॅक्ट्रेकसारख्या (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) ठिकाणी नमुने पाठवताना कुठल्या एककात मागितलंय आणि अहवालात जीआय५० (पेशींची वाढ निम्मी करणारी मात्रा) कुठल्या एककात आलंय, हे नीट बघा. तुलना नेहमी मोलरमध्ये करा आणि तक्त्यात "प्रति लिगँड" असा एक वेगळा स्तंभ ठेवा. हा स्तंभ फार कमी जण देतात, आणि खरी गोष्ट बहुतेक वेळा तिथेच दिसते.

आता अॅझो नायट्रोजनकडे येऊ.

८-हायड्रॉक्सीक्विनोलीनवर डायझोनियम (डायझोटायझेशनने अमीनपासून झालेला क्रियाशील आयन) जाऊन बसतो तो ५ क्रमांकाच्या जागी, हायड्रॉक्सीच्या बरोबर समोर, पॅराला. धातू धरणारा चिमटा मात्र आहे ८ व्या जागेचा ऑक्सिजन आणि रिंगमधला नायट्रोजन यांचा. कागदावर रेणू काढा आणि पट्टी लावा: अॅझो गट रिंगच्या पलीकडच्या टोकाला आहे. तो त्याच धातूला हात लावू शकत नाही, भूमितीच परवानगी देत नाही. शेजारच्या रेणूच्या धातूला तो टोचला तर साखळी तयार होईल, पण ते सिद्ध करायला सिंगल क्रिस्टलची एक्स-रे रचना लागेल, आयआर पुरणार नाही. मग १४ आकड्यांचं ते सरकणं? १४०० ते १४५० च्या पट्ट्यात अॅरोमॅटिक रिंगचीही कंपनं गर्दी करून असतात आणि अॅझोचा बँड आयआरमध्ये मुळात दुबळा. धातू ऑक्सिजनला जोडला की रिंगमधली इलेक्ट्रॉनची घनता बदलते आणि अॅझोचं कंपन दुरूनही थोडं हलतं. सरकलं म्हणजे जोडलं, असं होत नाही. अॅझोबद्दल खरंच बोलायचं असेल तर रामन वर्णपट घ्या, तिथे हा बँड ठसठशीत दिसतो. तुमच्या आयआरमध्ये बघायचं ते दुसरीकडे: ओएचचा रुंद बँड गेला का, ११०० च्या आसपासचं कार्बन-ऑक्सिजनचं कंपन सरकलं का, क्विनोलीनच्या कार्बन-नायट्रोजनचं काय झालं.

अॅझोनेच धातू धरावा अशी इच्छा असेल तर लिगँड तसा निवडावा लागतो. अॅझोच्या ऑर्थो (लगतच्या) जागी हायड्रॉक्सी हवा किंवा अॅझोला थेट पिरिडीन, थायाझोल, इमिडाझोल अशी रिंग लागलेली हवी, म्हणजे पाच किंवा सहा अणूंचं कडं पूर्ण होतं. विश्लेषणाच्या प्रयोगशाळेतले जुने ओळखीचे पॅन आणि पार, म्हणजे पिरिडिलअॅझो नॅफ्थॉल आणि पिरिडिलअॅझो रिसॉर्सिनॉल, नेमके याच जातीचे. तीन बाजूंनी धातूला धरतात आणि सहसा सोडत नाहीत.

इथे एक इशारा देते, कारण दरवर्षी कुणीतरी यात अडकतं. २-अमिनोपिरिडीन घेऊन नेहमीसारखं पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम नायट्राइट घालून बघू नका. तो डायझोनियम टिकत नाही, पाणी त्याला खाऊन टाकतं आणि हाती २-हायड्रॉक्सीपिरिडीन येतं. त्यासाठी अल्काइल नायट्राइट आणि तीव्र अल्क वापरून डायझोटेट करण्याची जुनी रीत आहे. २-अमिनोथायाझोललाही संहत आम्ल लागतं. नेहमीची कृती फक्त अॅनिलीनच्या कुळाला लागू पडते.

अॅझोपिरिडीनचा इतिहास आपल्यालाही अभिमानाचा आहे. २-फेनिलअॅझोपिरिडीन आणि रुथेनियम यांचं मूलभूत रसायन कोलकात्यात अनिमेष चक्रवर्ती यांच्या गटाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. त्यांना कॅन्सरशी देणंघेणं नव्हतं. इलेक्ट्रॉन कुठे जातो, समघटक किती, रंग कशामुळे, हे प्रश्न होते. पुढे लायडनला यान रेडाइक यांच्या गटाने २००० साली दाखवलं की त्याच रुथेनियम-अॅझोपिरिडीन डायक्लोराइडचा अल्फा समघटक पेशींवर जबरदस्त चालतो आणि बीटा त्याच्या मानाने फारच कमी. अणू तेच, लिगँड तेच, फक्त मांडणी वेगळी. समघटक वेगळे न करता चाचणी केली असती तर ही गोष्ट कधीच कळली नसती. त्यानंतर वॉरविकला पीटर सॅडलर यांच्या गटाने रुथेनियम आणि ऑस्मियमचे अॅझोपिरिडीन कॉम्प्लेक्स केले. त्यातल्या रुथेनियमच्या आयोडाइड कॉम्प्लेक्सबद्दल २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की ते पेशीतल्या ग्लुटाथायोनचं (पेशीला ऑक्सिडीकरणापासून वाचवणाऱ्या रेणूचं) उत्प्रेरकासारखं ऑक्सिडीकरण करतं. अॅझो लिगँड इलेक्ट्रॉन घेऊ शकतो म्हणून हे जमतं. त्यांचं ऑस्मियमचं एफवाय२६ हे संयुग शेकडो सेल लाइन्सवर सरासरीने सिसप्लॅटिन या प्लॅटिनमच्या प्रचलित कॅन्सरच्या औषधापेक्षा ४९ पट जोरकस निघालं.

हे सांगायचं कारण एवढंच की त्या रेणूत अॅझोला काम आहे. तो धातूशी जोडलेला आहे, इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करतो, त्याच्याशिवाय परिणाम होत नाही. तुमच्या रेणूत अॅझोला काम काय? आज तरी तो क्विनोलीनला लागलेलं एक रंगीत शेपूट आहे. त्याला काम नेमून द्या, किंवा त्याला काम नाही हे प्रयोगाने दाखवा. दोन्ही गोष्टी छापण्याच्या लायकीच्या आहेत.

आता थोडं भांड्यातलं बोलू. तुमची कृती मी पाहिलेली नाही, पण हीच जोडणी आम्ही अनेकदा केली आहे.

४-नायट्रोअॅनिलीन १.३८ ग्रॅम, म्हणजे १० मिलिमोल. नायट्रो गटामुळे ते दुबळं अल्क आहे, थंड आम्लात धड विरघळत नाही. म्हणून ३ मिलि संहत हायड्रोक्लोरिक आणि १० मिलि पाणी यांत गरम करून विरघळवायचं आणि मग ढवळत ढवळत झटकन बर्फात थंड करायचं, म्हणजे क्षार बारीक पिठासारखा खाली येतो. संथ थंड केलंत तर जाड खडे होतात, नायट्राइट आतपर्यंत पोहोचत नाही आणि न बदललेलं अमीन शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. मीठ-बर्फात ० ते ५ अंश. ०.६९ ग्रॅम सोडियम नायट्राइट ५ मिलि पाण्यात, थेंब थेंब. दहा मिनिटांनी द्रावण जवळजवळ स्वच्छ, फिकट पिवळं व्हायला हवं. गढूळ असेल तर थांबा. स्टार्च-आयोडाइडचा कागद लगेच निळा-काळा झाला म्हणजे नायट्रस आम्ल शिल्लक आहे. चिमूटभर युरिया किंवा सल्फॅमिक आम्ल घालून ते घालवा, नाहीतर ते पुढे क्विनोलीनवर नायट्रोसो गट लावतं आणि टीएलसीवर (शुद्धता तपासायची पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) एक अनोळखी डाग कायमचा मुक्कामाला येतो.

डायझोनियम कधीही गाळून वाळवू नका. हे मी दर बॅचला सांगते आणि इथेही सांगते: तो कोरडा झाला की स्फोट होऊ शकतो. बीकरच्या काठावर सुकलेला थरसुद्धा स्पॅच्युलाने खरवडायचा नाही, थंड पाण्याने धुऊन टाकायचा.

८-हायड्रॉक्सीक्विनोलीन मी १० मिलिमोलपेक्षा किंचित जास्त घेते, १.५ ग्रॅम, पातळ सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून. डायझोनियम जास्त झाला तर तो ५ नंतर ७ व्या जागेवरही बसतो आणि दुहेरी अॅझो तयार होतो. तो वेगळा करणं म्हणजे जिवावरचं काम. पीएच ८ ते ९ सांभाळायचा. त्याखाली कपलिंग रेंगाळतं, फार वर गेलं की डायझोनियम डायझोटेट होऊन निष्क्रिय होतो. डायझोनियमचा पहिला थेंब पडताच द्रावण गर्द लाल होतं. सगळं घालून झाल्यावर तासभर थंडच ठेवायचं, मग अॅसेटिक आम्लाने पीएच ६ च्या आसपास आणायचा. लालसर तपकिरी साका खाली बसतो. तो गाळून, भरपूर पाण्याने धुऊन, पुन्हा स्फटिकीकरण करायचं.

शुद्धतेची खात्री डोळ्यांवर सोडू नका. अॅझो रंग इतका तीव्र असतो की पाच टक्के कचरा असला तरी नमुना सुंदरच दिसतो.

कॉम्प्लेक्ससाठी मी धातूचं अॅसिटेट घेते. २ मिलिमोल लिगँड गरम इथेनॉलमध्ये थोडं डीएमएफ (एक द्रावक) घालून, त्यात १ मिलिमोल कॉपर अॅसिटेट. अॅसिटेट स्वतःच प्रोटॉन उचलतं, बाहेरून अल्क घालावं लागत नाही. क्लोराइड घेऊन वर अमोनिया ओतला की कॉम्प्लेक्सबरोबर धातूचं हायड्रॉक्साइडही खाली येतं आणि तुम्हाला वाटतं उतारा ९५ टक्के आला.

सीएचएनचा (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन यांच्या टक्केवारीचा) अहवाल आला की बहुतेक जण "जुळतंय" म्हणून पुढे जातात. तुमच्या कॉपर कॉम्प्लेक्सचे आकडे काढून देते, स्वतः ताडून बघा. पाणी नसलेलं असेल तर कार्बन ५५.४३, हायड्रोजन २.७९, नायट्रोजन १७.२४. पाण्याचा एक रेणू सोबत असेल तर कार्बन ५३.९३, हायड्रोजन ३.०२, नायट्रोजन १६.७७. कार्बनमध्ये दीड टक्क्याचा फरक फक्त एका पाण्यामुळे पडतो. ०.४ टक्क्यांच्या आत जुळायला हवं हा नियम धरला तर या दोन सूत्रांमध्ये शंकेला जागाच राहत नाही. मात्र आकडे जुळवण्यासाठी मनाने पाणी घालायचं नाही. ते पाणी टीजीएमध्ये (नमुना तापवत वजन मोजण्याच्या चाचणीत) दिसलं पाहिजे: स्फटिकातलं असेल तर १२०-१३० अंशांपर्यंत निघून जातं, धातूला जोडलेलं असेल तर १५० च्या पुढे. वजनातली घट २.७ टक्के आली तर पाण्याचा एक रेणू.

धातूंबद्दल वेगवेगळं बोलायला हवं. चौघांना एकाच वाक्यात "अष्टफलकीय भूमिती" म्हणून गुंडाळू नका.

तांब्याचं चुंबकीय आघूर्ण १.८ ते २.१ आलं तरी त्याने भूमिती कळत नाही, एक अयुग्मित इलेक्ट्रॉन आहे एवढंच कळतं. ईपीआर (अयुग्मित इलेक्ट्रॉनचा वर्णपट) घ्या. पवईला आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण केंद्रात नमुना पाठवता येतो. ईपीआरमधून मिळणाऱ्या जी या मूल्यांपैकी समांतर जी लंब जीपेक्षा मोठा आणि दोन्ही २.००२३ च्या वर असतील तर चौरस किंवा लांबट अष्टफलकीय असं म्हणायला आधार मिळतो. निकेल सर्वात बोलका धातू: आघूर्ण शून्य आलं तर चौरस समतल, २.८ ते ३.३ आलं तर अष्टफलकीय, आणि मग दोन पाण्याचे रेणू टीजीएमध्ये सापडले पाहिजेत. जस्त रंगाने किंवा चुंबकत्वाने काहीच सांगत नाही, पण म्हणूनच त्याचा प्रोटॉन एनएमआर स्वच्छ निघतो. ओएचचा सिग्नल गेला, क्विनोलीनचे प्रोटॉन सरकले आणि नायट्रोफेनिलच्या बाजूचे फारसे हलले नाहीत, तर अॅझो जोडलेला नाही याचा याहून चांगला पुरावा क्रिस्टलशिवाय मिळणार नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं प्रायोगिक उत्तर जस्ताच्या त्या एका स्पेक्ट्रममध्ये आहे. कोबाल्टवर मात्र लक्ष ठेवा. पॅनसारख्या ऑर्थो-हायड्रॉक्सी अॅझो लिगँडबरोबर कोबाल्ट(दोन) हवेतल्या ऑक्सिजनने गुपचूप कोबाल्ट(तीन) होतो आणि आघूर्ण शून्यावर येतं. तुमच्या लिगँडमध्ये तसं होण्याची शक्यता कमी आहे, पण आघूर्ण ४.३ च्या बरंच खाली आलं तर कॉम्प्लेक्स नायट्रोजनखाली पुन्हा करून बघा.

आता पेशींकडे. इथे मला सर्वात जास्त बोलायचं आहे, कारण रसायनशास्त्राचे विद्यार्थी नमुना पाठवून देतात आणि आलेला आकडा देवाचा प्रसाद मानतात.

तुमचे निकेल, कोबाल्ट, जस्त यांचे आकडे ५० च्या वर आहेत. जस्ताचा विचार करा. जस्ताचे असे कॉम्प्लेक्स द्रावणात भराभर लिगँडची अदलाबदल करतात. ते खरोखर विरघळलं असतं तर लिगँड मोकळा झाला असता आणि ९-१० मायक्रोमोलरलाच परिणाम दिसायला हवा होता, कारण प्रत्येक रेणूत दोन लिगँड. तो ५० पर्यंत दिसला नाही, याचा माझ्या मते सरळ अर्थ: ते माध्यमात विरघळलंच नाही. हे विद्युतभार नसलेले, सपाट, जड रेणू आहेत. डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकात छान विरघळतात आणि पाण्यात पडताच सुया होऊन खाली बसतात. आमच्याकडे एका थायाझोलअॅझो कॉम्प्लेक्सवर दोन महिने गेले. आयसी५० दर वेळी वेगळं यायचं. शेवटी एका संध्याकाळी प्लेट उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर पेशींच्या थरावर लाल सुयांचं जाळं पसरलेलं होतं, गवत वाळत घातल्यासारखं. पेशी त्या सुयांखाली दबून मेल्या होत्या की रेणूमुळे, हे सांगायला मार्गच नव्हता. तेव्हापासून कुठलीही प्लेट रंग घालण्याआधी बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

डीएमएसओचा दुसरा त्रास म्हणजे तो स्वतः लिगँड आहे. सिसप्लॅटिन डीएमएसओमध्ये विरघळवलं की गंधकाची बाजू प्लॅटिनमला पकडते, क्लोराइड निघून जातं आणि औषध निकामी होतं. तुलनेसाठी सिसप्लॅटिन वापरणार असाल तर ते ०.९ टक्के सलाइनमध्ये करा. डीएमएसओमधल्या निकामी सिसप्लॅटिनपेक्षा आपलं कॉम्प्लेक्स सरस ठरलं, अशी तुलना करून काय मिळवायचं? तुमचं स्वतःचं कॉम्प्लेक्स डीएमएसओमध्ये टिकतं का, हे यूव्ही-व्हिजिबलवर ०, २४, ७२ तासांना बघा. आणि हेच माध्यमातही बघा, १० टक्के सीरम घालून. त्या सीरममध्ये अल्ब्युमिन साधारण ३०-४० मायक्रोमोलर असतं आणि अल्ब्युमिनच्या एन-टोकाला तांबं अतिशय घट्ट धरणारी जागा आहे. तुमचं कॉम्प्लेक्स ८ मायक्रोमोलर. म्हणजे तांब्याला पळून जायला जागा चौपट-पाचपट. बाटलीवर जे नाव लिहिलंय तोच रेणू पेशीपर्यंत जातोय, हे गृहीत धरू नका.

एमटीटीचं काय? जिवंत पेशी एमटीटीचं फॉर्मझान करतात, त्याचा जांभळा रंग ५७० नॅनोमीटरला मोजतो आणि तुमचं कॉम्प्लेक्स लाल. त्याच्या शोषणाची शेपटी ५७० पर्यंत पोहोचते आणि त्यामुळे मेलेल्या पेशीही जिवंत दिसतात. मी सुरुवातीच्या काळात एका तक्त्यात सर्वात जास्त मात्रेला १३० टक्के पेशी जिवंत असल्याचे आकडे पाहिले आणि त्याचं जीवशास्त्रीय कारण शोधत बसले होते. पेशी न घालता फक्त माध्यम, कॉम्प्लेक्स आणि एमटीटी घालून एक ओळ लावली आणि कोडं सुटलं. शिवाय फॉर्मझानमध्ये स्वतःच अॅझो गट आहे आणि फॉर्मझान हे धातूंचे चांगले लिगँड आहेत, त्यामुळे तांब्याच्या सान्निध्यात एमटीटीवर डोळे झाकून विश्वास ठेवायचाच नाही. एसआरबी ही पेशीतली प्रथिनं रंगवणारी चाचणी निदान त्या भानगडीत पडत नाही. पेशी स्थिर करून धुतल्या जातात, बराचसा रंगही वाहून जातो. तरी पेशींशिवायची ओळ हवीच. दोन वेगळ्या तत्त्वांच्या चाचण्यांनी एकच उत्तर दिलं तर ते उत्तर.

नियंत्रणं कोणती लावाल? नुसता लिगँड तुम्ही केलाय. नुसतं कॉपर क्लोराइड हवं. एक भाग कॉपर क्लोराइड आणि दोन भाग लिगँड, आधी कॉम्प्लेक्स न करता थेट माध्यमात एकत्र केलेलं मिश्रण हवं. ते आणि तुमचं कॉम्प्लेक्स सारखंच चाललं तर तयार कॉम्प्लेक्सचं वेगळेपण उरत नाही. अॅझोशिवायचं ८-हायड्रॉक्सीक्विनोलीन हवं. आणि ५-अमिनो-८-हायड्रॉक्सीक्विनोलीनही हवं, कारण अॅझो बंध पेशीत तुटला तर एका बाजूने नेमका हाच तुकडा मोकळा होतो आणि तो स्वतःही पेशींवर परिणाम करणारा म्हणून ओळखला जातो.

८-हायड्रॉक्सीक्विनोलीनचा हा मुद्दा हलक्यात घेऊ नका. त्याचं भावंड क्लिओक्विनॉल. ते माध्यमातलं तांबं आणि जस्त उचलून पेशीत नेऊन सोडतं, हमालासारखं. म्हणजे तुमचा "नुसता लिगँड" माध्यमात पडल्यावर नुसता राहतो का, हाच प्रश्न आहे. सीरममध्ये थोडं तांबं असतंच. तांबं पकडणारा आणि पेशीत न शिरणारा बाथोक्युप्रोइन डायसल्फोनेट घालून लिगँडची चाचणी पुन्हा करा. परिणाम घसरला तर मारेकरी तांबंच, लिगँड फक्त वाहक. याच्या उलटही होऊ शकतं. दोन्ही निकाल महत्त्वाचे आहेत आणि माझ्या मते तुमच्या प्रबंधाचा गाभा इथेच आहे. क्लिओक्विनॉलची दुसरी आठवणही ठेवा: पोटाच्या तक्रारींवर ते तोंडाने सर्रास दिलं जायचं आणि जपानमध्ये सुमारे दहा हजार लोकांच्या नसा आणि दृष्टी त्याने बिघडवली. १९७० मध्ये तिथे त्यावर बंदी आली. म्हणून निरोगी पेशींवरचा आकडा सोबत नसेल तर "प्रभावी" हा शब्द वापरू नये. पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून सेल लाइन मिळतात. एक कॅन्सरची नसलेली लाइन घ्या आणि घेतलेली लाइन तीच आहे याचा एसटीआर (डीएनएवरून ओळख पटवणारा) दाखला ठेवा. केबी, हेप-२, चँग लिव्हर या नावांनी वर्षानुवर्षं वापरलेल्या लाइन्स मुळात हेला या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या लाइनच्याच निघाल्या आहेत.

अॅझोची एक बाजू या क्षेत्रात फारशी बोलली जात नाही, पण मला ती बोलल्याशिवाय राहवत नाही. ज्या कुळातून आपण कॅन्सरवरचं औषध शोधतोय, त्याच कुळाने कॅन्सर दिलेलाही आहे. बटर यलो, म्हणजे डायमिथाइलअमिनोअॅझोबेंझीन, उंदरांना खाऊ घातल्यावर यकृतात गाठी होतात हे जपानमध्ये १९३० च्या दशकात किनोशितांनी दाखवलं. रंगाच्या कारखान्यांतल्या कामगारांना बेंझिडीन आणि २-नॅफ्थिलअमीनने मूत्राशयाचा कॅन्सर दिला. शरीरात, विशेषतः आतड्यातल्या जिवाणूंच्या हातून, अॅझो बंध तुटतो आणि दोन अमीन मोकळे होतात. प्रोन्टोसिल या जंतुसंसर्गावरच्या औषधाचं हेच झालं. डोमाक यांनी १९३५ मध्ये लाल रंगाचं ते औषध जाहीर केलं, आणि त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत कळलं की काम करतंय ते त्यातून सुटणारं रंगहीन सल्फानिलअमाइड. त्या वेळी सुटलेला तुकडा औषध निघाला, दर वेळी निघेलच असं नाही.

म्हणून पुढचे लिगँड निवडताना आधी अमीन निवडा. युरोपने कपड्यांच्या रंगांसाठी ज्या २२ अमीनांवर ३० मिलिग्रॅम प्रति किलोची मर्यादा घातली आहे ती यादी समोर ठेवा. ऑर्थो-टोल्युडीन, ऑर्थो-अॅनिसिडीन त्यात आहेत. आपल्याकडे कपाटात सहज मिळतं म्हणून घेतलं जाणारं ४-क्लोरोअॅनिलीनही आहे. तुमचं ४-नायट्रोअॅनिलीन त्या यादीत नाही, पण पेशीत नायट्रोचंही क्षपण होऊन पॅरा-फेनिलीनडायअमीन होऊ शकतं. त्याऐवजी ४-अमिनोबेंझॉइक आम्ल किंवा सल्फानिलअमाइड घेऊन एक मालिका करून बघा. विद्राव्यताही सुधारेल. आणि हो, डायझोटायझेशन करताना हातमोजे आणि फ्यूम हूड यांना सुट्टी नाही. कॅन्सरवर काम करताना आपण स्वतः त्या अमीनांच्या वाफा घेत बसायचं नसतं.

डॉकिंगबद्दल (रेणू प्रथिनात कसा बसेल याच्या संगणकी गणिताबद्दल) एकच वाक्य: नेहमीची मोफत सॉफ्टवेअर तांब्या-निकेलसारख्या धातूंचे बंध नीट हाताळत नाहीत, त्यामुळे तो स्कोअर पुरावा म्हणून लिहू नका. डीएनएशी बांधणीचा यूव्ही प्रयोग कराल तर ट्रिस बफरमध्ये कॉम्प्लेक्स एकटं तासभर ठेवून शोषण स्थिर राहतं का ते आधी बघा. खाली बसणारा साका आणि हायपोक्रोमिझम (बांधणीमुळे शोषण कमी होणं) आलेखावर जुळ्या भावंडांसारखे दिसतात.

लिहिताना "कॅन्सरविरोधी" ऐवजी "एमसीएफ-७ पेशींवर सायटोटॉक्सिक" असं लिहा. प्लेटमधल्या पेशी ब्लीचनेही मरतात. आणि समीक्षक विचारायच्या आधीच तुम्ही मान्य करा की अॅझो संयुगं पेन्सच्या यादीत मोठ्या संख्येने आहेत, म्हणजे ती अनेक चाचण्यांत खोटे सकारात्मक निकाल देतात. हे मान्य करून वर तुम्ही कोणती नियंत्रणं लावली ते सांगितलंत तर पेपरचं वजन वाढतं.

सुरुवात लहानशा प्रयोगाने करा. जस्ताचं कॉम्प्लेक्स डीएमएसओमधून सीरम असलेल्या माध्यमात ५० मायक्रोमोलर करा, डीएमएसओ ०.५ टक्क्यांच्या खाली ठेवून. ३७ अंशांवर दोन तास ठेवा. मग ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि गाळण्याआधीचं आणि नंतरचं शोषण मोजा. फिल्टरवर लाल ठिपका उरला आणि खालचं द्रावण फिकं पडलं, तर तुमच्या तक्त्यातले ते तिन्ही "५० च्या वर" खोडून नव्याने मोजावे लागतील.